उघडा फाळका

"बाबा, आज पुन्हा चित्राकडे पाठ करून बसलात?" आमटीचं पातेलं टेबलावर ठेवत मृणालिनीने सासऱ्यांना विचारलं.

पांडुरंगरावांच्या मागच्या भिंतीवर मोठं तैलचित्र होतं. बंदरात पेटलेली बोट आणि लालभडक पाणी. शेजारच्या मनुरेवा उपनगरातल्या एका गॅरेज सेलमध्ये मिळालेलं. न्यूझीलंडला सूर्य उत्तरेकडून फिरतो, पण सूनबाईंचं वास्तुशास्त्र पुण्याहून निघालं ते जसंच्या तसं पापाटोएटोतल्या या घरात उतरलं होतं. आग्नेयेला अग्नी हवा, म्हणून जेवणाच्या खोलीत आग्नेयेला तिने ही आग टांगली. गोदीतल्या आगीच्या बंबावर तीस वर्षं काढलेल्या सासऱ्यांना ती आवडेल, अशी तिची भाबडी समजूत.

"काढ ते," पांडुरंगराव म्हणाले.

"का पण? तुमच्या लेकाने, देवव्रतने हेवी ड्यूटी हुक लावलाय त्याला. सगळ्यांना हीप्स, म्हणजे खूपच आवडलंय."

"चुकीचं आहे. फाळका उघडा दाखवलाय."

"फाळका?"

"बोटीच्या पोटात उतरायच्या तोंडावरचं झाकण. आत पेटलं की आधी फाळका लावायचा आणि वाफ सोडायची. हवा तुटली की आग मरते."

"आणि आत माणसं असली तर?"

तिने वाढता वाढता सहज विचारलं. पांडुरंगरावांचा पहिलाच घास ताटात परतला.

"बाहत्तर सालची गोष्ट. साहेब म्हणाला, सगळी वर आली. मी फाळक्याच्या पाचरी ठोकल्या. मग आतून ठोके आले. आगीत कापसाच्या गासड्यांच्या लोखंडी पट्ट्या तुटतात, तसाच आवाज. मी म्हटलं, पट्ट्याच असणार. पण पट्ट्या अशा थांबून थांबून तीन-तीनदा तुटत नाहीत, मृणाल. आग विझल्यावर फाळका उघडला, तेव्हा कळलं. रमण होता तो. माझ्याच बंबावरचा."

चौतीस वर्षं त्यांनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोही ते न कळताच गेली. मृणालिनीला स्वतःची लाज वाटली. ती खुर्चीवर चढली आणि तिने चित्राला हात घातला.

"आत्ता गॅरेजमध्ये टाकते. सॉरी बाबा, मला खरंच माहीत नव्हतं."

"राहू दे."

तिने वळून पाहिलं. म्हातारा उठून उभा राहिला होता.

"राहू दे ते. त्याचा फाळका उघडा आहे ना."

त्यांनी आपली खुर्ची फिरवली, चित्रासमोर नीट मांडली आणि बोटीवरच्या त्या उघड्या, काळ्या चौकोनाकडे बघत बसले. ताटातली आमटी निवून गेली, तरी त्यांनी जेवायला सुरुवात केली नाही. पंगतीला एक माणूस यायचा राहिला असला की थांबतात, तसे ते थांबले होते.