जिन्याचा तुकडा

"जिन्याचा तुकडा वहिनीच्या नजरेस कधी पडता कामा नये. शब्द दे." शेवटच्या आजारात अंथरुणावरून दादा एवढंच बोलला होता. मी शब्द दिला.

वहिनी म्हणजे उडीवाल्याची बायको. नायकाच्या जागी उड्या तो मारायचा आणि दादा त्या सिनेमाचा संकलक. त्या सिनेमाचं नाव काढलं की लोक अजून हसतात. नायक जिना चढतो आणि पुढच्याच दृश्यात त्याची प्रेतयात्रा! मेला कसा, कुणालाच कळलं नाही. 'संकलकाला डुलकी लागली असावी,' असं छापून आलं. सिनेमा आपटला. दादाला पुन्हा कुणी दारात उभं केलं नाही आणि त्यानेही तोंड उघडलं नाही.

परवा एक अभ्यासक घरी आले. "मावशी, हा सिनेमा वाईट नव्हताच. कापून मारलाय त्याला! गाळलेला तुकडा सापडलाय. बघाल?"

आज सकाळचा जप आटोपून मी थिएटरात गेले. रिकाम्या खुर्च्यांत आम्ही दोघंच होतो. पडद्यावर जिना ढासळला. उडीवाला खाली आला. त्याची बोटं जमीन चाचपत राहिली. कॅमेरा जागचा हलला नाही. मग बोटंही थांबली.

"काय अभिनय आहे!" ते कुजबुजले.

"अभिनय नाही हो. तो तिथेच गेला. निर्मात्याला हे दाखवायचंच होतं. दादाने कापलं."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मला वाटलं, आता दिवे लावायला सांगतील.

"म्हणजे हे खरंय," ते हळूच म्हणाले. "मग तर लोकांनी बघायलाच हवं! दादांवरचा डागही जाईल."

"त्याला तो डाग चालत होता."

"संध्याकाळी खेळ आहे, मावशी. आता कसं थांबवू? उडीवाल्याच्या पत्नीला पहिल्या रांगेत बसवतोय. सत्कार आहे त्यांचा."

"तिला ठाऊक आहे, काय दिसणार ते?"

"छे! आधी सांगितलं तर मजा काय?"

तिला आजवर एवढंच माहीत होतं, की तो पडला त्या क्षणीच गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही.

बाहेर दोन माणसं दोर ओढून फलक वर चढवत होती. फलकावर जमीन चाचपणारा तोच हात होता, माणसाहून मोठा. तिला आणायला गाडी निघायला अजून अवकाश होता. मागून अभ्यासक "मावशी, चहा तरी घ्या" म्हणत होते. मी मान हलवली आणि वहिनीच्या घराच्या दिशेने चालू लागले.