मेळाव्यातला कोरा पडदा

रविवारी सकाळी नाशिकरोडच्या सभागृहात वधू-वर मेळावा भरला, तेव्हा पडद्यावर एकही वधू नव्हती की वर नव्हता. होती फक्त इंग्रजीतली एक ओळ : डेटाबेसशी जोडणी होऊ शकली नाही.

मेळाव्याचं वेब पान सृष्टीनं स्वतः लिहिलं होतं. नाव पुकारलं की फोटो, शिक्षण, गाव पडद्यावर यावं अशी सोय. पान तिच्या लॅपटॉपवर चालायचं, माहिती मात्र दूरच्या एका सर्व्हरवर साठवलेली. काल घरी सगळं सुरळीत चाललं होतं.

"किती वेळ लागेल?" कारभारीमामांनी हळूच विचारलं. मेळाव्याचे आयोजक तेच, आणि सृष्टीचे सख्खे मामाही.

"दहा मिनिटं, मामा."

"बरं. तोवर मी स्वागत लांबवतो."

मामांना भाषण लांबवणं कधीच जड गेलं नव्हतं. सृष्टीनं पासवर्ड चुकला असेल म्हणून दुसरा टाकून पाहिला. पुन्हा तीच ओळ. शेवटी तिनं मनमाडला धम्मपालला फोन लावला. तो तिचा मावसभाऊ, रेल्वेत नोकरीला. कॉम्प्युटरचा नाद म्हणून सर्व्हर त्यानंच घेऊन दिला होता.

"दादा, जय भीम. जोडणीच होत नाहीये. बराच वेळ नुसतं फिरतं आणि मग नाही म्हणतं."

"नुसतं फिरतं म्हणजे निरोप तिथवर पोचतच नाही. नेट कुणाचं आहे?"

"सभागृहाचं."

"तेच अडवत असेल. साध्या वेबसाइटांना वाट देतात, डेटाबेसची वाट बंद ठेवतात. मोबाइलचं नेट जोडून बघ."

तिनं जोडलं. या वेळी नकार क्षणात आला आणि तिला उगाचच बरं वाटलं.

"दादा, आता लगेच नाही म्हणतंय."

"म्हणजे दारापर्यंत पोचलीस. सर्व्हर ओळखीच्या पत्त्यावरून आलेल्यालाच आत घेतो. मी फक्त तुझ्या घरच्या नेटचा पत्ता नोंदवलाय, मोबाइलचा वेगळा पडतो. तो मला पाठव. पण थांबावं लागेल, गाडी येतेय."

तिनं पत्ता पाठवला. मामांचं स्वागत संपून आता आभार सुरू झाले होते. मागच्या रांगेतल्या लोकांनी खुर्च्या चहाच्या टेबलाकडे वळवल्या.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून विमलाबाई उठल्या. त्या हरसूलहून मुलाला घेऊन पहाटेच निघाल्या होत्या.

"भाऊ, फोटो दिसत नाय तर नाय. पोरगा माझा इथंच हाय, त्यालाच बघा की." त्यांनी मुलाला कोपरानं ढोसलं. "ऊठ रे सनी."

सनी लाजत माइकपाशी गेला. "मी शाळेत शिकवतो," एवढंच बोलला. मग आईकडे बघून म्हणाला, "स्वयंपाक येतो. आई म्हणते, भाकरी जाड होते."

सभागृह हसलं. पाठोपाठ एक मुलगी आपणहून उठली, तिच्यामागून आणखी दोघं. माइकपाशी रांग लागली.

इकडे धम्मपालचा फोन आला. "नोंदवलाय पत्ता. बघ."

सृष्टीनं पाहिलं. "नाहीच म्हणतंय."

"मग पासवर्ड?"

तिनं कपाळावर हात मारला. मघाशी घाबरून टाकलेला दुसराच पासवर्ड पानाच्या स्क्रिप्टमध्ये तसाच राहिला होता. जुना पुन्हा लिहिला, पान ताजं केलं. पडद्यावर पहिलं नाव झळकलं, फोटोसकट.

"आलं, दादा."

"मग एवढ्या हळू आवाजात काय सांगतेस?"

"इथं एक मुलगी बोलतेय," ती म्हणाली.

खरंच, पडद्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. माइकवर हर्षाली नावाची परिचारिका आपल्या कामाच्या पाळ्यांविषयी सांगत होती : रात्री ड्युटी असली की घरी उशिरा उठते, हे आधीच सांगितलेलं बरं. पहिल्या रांगेत सनी नीट सावरून बसला होता.

मामा लगबगीनं आले. "झालं चालू?"

"झालं."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माइककडे. "राहू दे जरा. जे येऊ शकले नाहीत, त्यांचे फोटो जेवणानंतर दाखव."

सृष्टीनं पडदा कोरा केला आणि खुर्ची फिरवून तीही ऐकू लागली.

जेवणाच्या रांगेत विमलाबाई ताट घेऊन एकट्याच उभ्या होत्या. सनी कुठे गेला, असं सृष्टीनं विचारलं, तर त्यांनी हनुवटीनंच खिडकीकडे दाखवलं. तिथे तो हर्षालीला भाकरीबद्दल काहीतरी समजावत होता, आणि ती मान हलवून त्याची चूक सुधारत होती.