हिरवा ठिपका

आमच्या गावातून पाहुणा तहानलेला परत गेला, तर ती नाचक्की मुखियाच्या घराला चिकटते आणि नातवंडांच्या लग्नापर्यंत तिचा विषय निघत राहतो. म्हणून राजधानीहून हापसे मोजणारी माणसं येणार असा निरोप आला, तेव्हा मामाने मक्याच्या पिठाच्या न्सिमाचं ताट तसंच बाजूला सारलं. मामा म्हणजे आमच्या चिपेंबाचा मुखिया. आणि चिपेंबाच्या हापशाला पाणी उरलं नव्हतं. दिवसभर दांडा मारला तर अर्धी बादली, तीही गढूळ. शिरे नदी तासाभराच्या वाटेवर, आणि तिच्यात मगरी.

"एनिफा," मामा मला म्हणाला, "तू पाणी समितीची अध्यक्ष. काहीतरी कर बाई. माझं नाक कापलं जाऊ देऊ नकोस."

नाक मी वाचवलं. हापशाच्या दांड्याला साखळी घालून कुलूप ठोकलं आणि पाच दिवस कुणाला हात लावू दिला नाही. खाली झिरपून जे साठेल ते पाहुण्यांचं. पाच दिवस गावातल्या सगळ्या बाया नदीवर गेल्या. कुणी तक्रार केली नाही, उलट पाहुण्यांसमोर आपली शोभा व्हायला नको असं सगळ्यांनाच वाटत होतं. एकटी माझी धाकटी बहीण फेनेस कुरकुरली.

"ताई, ते प्यायला येतायत की मोजायला? मोजायला येत असतील तर रिकामा हापसा दाखव ना त्यांना."

"तुला कुणी विचारलं?" मी म्हणाले. शहाणपणाच्या बोलण्याला आमच्या घरात हेच उत्तर मिळतं.

मोजणारी एक तरुण मुलगी होती, तावोंगा नावाची. हातात टॅब. पण मामासमोर गुडघे टेकून, टाळी वाजवून रीतसर नमस्कार केला, त्यामुळे मामा तिथेच विरघळला. साखळी मी सकाळीच काढून ठेवली होती. दांडा मारायला मीच उभी राहिले. आठव्या हेलकाव्याला धार सुरू झाली, पाच दिवस निवळलेलं स्वच्छ पाणी. भरली की अख्खी बादली! बायांनी आनंदाने किलकारी मारली. मुलगी दोन पेले प्याली, फोटो काढला.

"वर्षभर येतं पाणी?" तिने विचारलं.

"माझ्या आजोबांच्या काळापासून कधी आटलं नाही," मामा म्हणाला. हापसा बसवून बारा वर्षं झाली होती आणि मामाचा आजोबा मरून चाळीस. पण त्या घडीला आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मुलीने टॅबवर बोट टेकवलं आणि म्हणाली, "छान. तुमचं गाव हिरवं." जाताना मामाने तिला पाय बांधून कोंबडी दिली.

पुढच्या महिन्यात हापसा ठणठणीत कोरडा पडला. मी सायकलवाल्याच्या मागे बसून जिल्ह्याच्या कचेरीत गेले, नवी बोअर मागायला. तिथले ग्रेशम साहेब भला माणूस. बसायला खुर्ची दिली आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. जिल्हाभर ठिपके पसरलेले, काही लाल, काही हिरवे.

"हे बघा आई, चिपेंबा. हिरवं. चालू हापसा. फोटोत तुम्हीच आहात की!"

होते. दात काढून हसत होते.

"आता ही माहिती खुली आहे," ते म्हणाले. "लपवाछपवी नाही. लंडनमध्ये बसलेला माणूससुद्धा बघू शकतो. यंदा दहा बोअर आहेत, त्या लाल ठिपक्यांनाच जाणार."

"मग करा ना आमचा लाल."

"असं मला करता येऊ लागलं, तर उद्या प्रत्येक पुढारी येऊन आपापलं गाव लाल करून घेईल. आधी तेच चालायचं. म्हणून तर हे सगळं आणलं."

माणूस खरं बोलत होता. लाचखाऊ असता तर बरं झालं असतं, त्यालाही एक कोंबडी नेऊन दिली असती. त्यांनी मला एक कागद दिला. 'मोजणीच्या दिवशी आम्ही दिलेली माहिती खोटी होती' असं त्यावर छापलेलं. खाली मुखियाचा शिक्का हवा. यादी ऑक्टोबरअखेर बंद होणार होती.

मामाने कागद वाचला आणि घडी घालून परत माझ्या हातात ठेवला.

"मी खोटारडा आहे यावर मीच शिक्का मारू? आणि तो लंडनमध्ये दिसणार?"

"मामा, बाया नदीचं पाणी पाजतायत पोरांना."

"आमच्या आयांनी काय पाजलं होतं? पावसाला दोन महिने राहिलेत. खालचे झरे भरतील."

"पावसात नदीत काय काय वाहून येतं, माहीत नाही का तुला?"

"तुझी जीभ फार चालते. तुझ्या आईची पण अशीच चालायची."

मी तीनदा गेले त्याच्याकडे. तिसऱ्यांदा फेनेसही आली. मामाची ती लाडकी, त्याने तिला शेंगदाणे दिले, शिक्का दिला नाही. ऑक्टोबर संपला.

नोव्हेंबरात बोअरचं यंत्र आमच्या गावावरून धूळ उडवत पलीकडच्या नामिलाला गेलं. नामिलाचा हापसा धडधाकट होता, हे अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक. नदीवर त्यांची एक बाई भेटली, पाहुण्या बहिणीला पोचवायला आली होती.

"आम्ही मोजणीच्या दिवशी आतल्या सळया काढून मक्याच्या कणगीत लपवल्या," ती हसत म्हणाली. "आता दोन दोन हापसे. तुम्ही म्हणे तिला कोंबडी दिली?"

मला तिचा राग आला, खोटं का सांगू. पण खोटं आम्हीही बोललो होतो. ते आपल्या पोटासाठी बोलले, आम्ही आपल्या नाकासाठी.

डिसेंबरात पाऊस झाला. नदी तांबडी झाली, वरच्या गावांची सगळी घाण घेऊन आली. फेनेसला सकाळी जुलाब सुरू झाले. तिला चितेंज्याने, कमरेला गुंडाळायच्या कापडाने, माझ्या पाठीशी बांधून सायकलवाल्याच्या मागे बसून दवाखान्याकडे निघालो, आणि अर्ध्या वाटेत तिचं डोकं माझ्या मानेवर जड झालं. कॉलरा. तिशी ओलांडली नव्हती तिने.

आमच्यात बहिणीच्या मुलांचा वाली मामा. फेनेसला मातीत ठेवल्यावर त्याने स्वतःच कागद मागितला. शिक्का त्याने दोनदा मारला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. मलाही त्याचा चेहरा बघवत नव्हता.

ग्रेशम साहेबांनी कागद घेतला, उभं राहून दुःख व्यक्त केलं, आणि दोन मिनिटांत माझ्यासमोर ठिपका लाल केला.

"झालं. आता खरं काय ते जगासमोर आहे."

"आणि बोअर?"

"यंदाची यादी संपली, आई. पुढच्या वर्षी बघू." त्यांनाही वाईट वाटत होतं. काहीतरी द्यावं म्हणून त्यांनी पडद्यावर दुसरा नकाशा उघडला, साथीचा. "हेही आता खुलं आहे. कालपर्यंतचं सगळं यात येतं."

चिपेंबावर एक काळा ठिपका होता. साहेबांनी वाचून दाखवलं. मृत्यू, एक. पाण्याची सोय, आहे. कारण, अस्वच्छ हात.

"पाण्याची सोय आहे हे कुणी लिहिलं?"

"कुणी लिहीत नाही. ते जुन्या ठिपक्यावरून आपोआप येतं. पाणी आहे म्हटलं की कारणही आपोआप हातांचंच पडतं." मग चाचरत म्हणाले, "तो तेव्हा हिरवा होता ना."

"तिचं नाव कुठंय?"

"नावं नसतात, आई. ती गुप्त ठेवायची असतात."

इतके दिवस अडवून धरलेलं रडू मला तिथे, त्या खुर्चीवर आलं. "तिचे हात स्वच्छ होते," मी म्हणाले. "लिहा. फेनेसचे हात स्वच्छ होते. नदीच्या पाण्याने का होईना, पण दोन वेळा धुवायची. हापशाला कुलूप तिच्या बहिणीने घातलं होतं. तेही लिहा. बहिणीचं नाव घाला, एनिफा, ते गुप्त ठेवू नका."

साहेबांनी चष्मा लावला. पडदा खालीवर करून त्यांनी खरंच शोधलं, बराच वेळ शोधलं.

"तसा रकाना नाही यात," ते म्हणाले.