तीन हात आणि एक सुई

मित्रांनो, मी काचेची आहे, आरपार दिसते, म्हणून माणसे मला स्वच्छ समजतात. तुम्ही तसे समजू नका. मी इंजेक्शनची जुनी सिरिंज आहे आणि माझा स्वतःचाही माझ्यावर भरवसा उरलेला नाही.

कारखान्यात माझ्या नळीवर आणि दट्ट्यावर एकच आकडा कोरला गेला, जोडी चुकू नये म्हणून. स्टीलच्या डबीत बसून मी औशाजवळच्या एका गावातल्या दवाखान्यात आले. "सिद्रामप्पा, वीस मिनिटं उकळल्याशिवाय ही दुसऱ्या माणसाला लावायची नाही," असे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावले. सिद्रामप्पा तिथले कंपाउंडर. ते घड्याळ समोर ठेवूनच स्टोव्ह पेटवत. ताप उतरला की बायका म्हणत, "अप्पाची सुई लई गुणाची." मी डबीतल्या डबीत फुगून जाई.

मग लातूर जिल्हा झाला. तिथे कचेऱ्या आल्या, मोठे दवाखाने निघाले आणि आमचे डॉक्टर तिकडे गेले. गाव सिद्रामप्पांकडेच येत राहिले. पुढे ओळीने दोन वर्षे पाऊस हुकला. म्हाताऱ्या धोंडाबाईच्या मळ्यातल्या विहिरीला तेवढे पाणी होते. त्या पाण्याने टँकर भरायचा आणि घरटी दोन घागरी वाटायच्या. पाणी वाचवायचे म्हणून अप्पा मला सकाळी एकदाच उकळू लागले. नंतर दिवसभर नुसती सुई बदलत आणि मला स्पिरिटने पुसत. मला ते खटकत होते, पण काचेला बोलता येत नाही.

टँकर साहेबराव चालवी. सोबत अप्पांचा मुलगा वीरभद्र आणि त्या दोघांचा मित्र ग्यानोबा असत. तिघेही विशीतले. खड्ड्यांनी वीरभद्राची कंबर धरली, तेव्हा अप्पांनी त्याला दुखण्यावरचे एक कडक इंजेक्शन दिले. दुखणे थांबले. त्याबरोबर आलेली गुंगी मात्र त्याला आवडली. आठवड्याभराने, अप्पा जेवायला गेले असताना, त्याने कपाटातले औषध उचलले आणि माझी डबी खिशात टाकली.

टँकरच्या सावलीत तिघे बसले. वीरभद्राने स्वतःला टोचून घेतले आणि मला तशीच ग्यानोबापुढे धरली.

"धू तरी," ग्यानोबा म्हणाला.

"का रे? माझं रक्त चालंना व्हय तुला?" वीरभद्र हसला. "आमची अव्वा तुझ्या हातचं पाणी घेत न्हाई. मी तुझ्या दंडातली सुई घेतो बघ उद्या."

"घे की लेका," साहेबराव म्हणाला. "सोयरीक जुळवून राहिलास का काय? एका ताटात खाताव आपण."

ग्यानोबाने बाही वर केली. घरच्यांचा विटाळ आपण मोडला, याचे त्यांना केवढे कौतुक! पाठीशी टाकीभर पाणी होते आणि मला कुणी धुतलेही नाही. पुढे ते रोजचेच झाले; अप्पा परतायच्या आत माझी डबी पुन्हा कपाटात जाई. औषध मिळाले नाही की तिघे एकमेकांवर खेकसत.

तीन महिन्यांनी ग्यानोबाचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. त्याच्या आईने, लक्ष्मीबाईने, त्याच्या गळ्यात काविळीची माळ घातली. मग साहेबरावही काविळीने आडवा झाला. गाव कुजबुजू लागले. पाणी नासले आहे, म्हातारीने विहिरीत काही टाकले आहे. एका सकाळी विहिरीची वाट अडवायला बोरीच्या काट्या पडल्या.

धोंडाबाई दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून ओरडली, "अरे, माझी नातवंडं तेच पाणी पितात! त्यांचे डोळे बघा की!"

कुणी बघितले नाहीत. पण अप्पांनी ते ऐकले. पाणी वाईट, तर पोरेबाळे धड कशी? आजारी दोघेच आणि दोघेही टँकरवरचे? त्यांनी डबी उघडून मला उजेडात धरले. माझ्या मानेशी एक तांबूस डाग होता.

"बाही वर कर," ते जेवायला बसलेल्या मुलाला म्हणाले.

"चोर हाव का मी?"

"जेवणारावर कसला खटला चालवून राहिलाव?" शांतम्मा, त्याची आई, म्हणजे त्याची अव्वा, म्हणाली. "भाकर तरी गिळू द्या त्याला."

अप्पा गप्प बसले. दोन दिवस गप्प बसले. दार उघडत, ओट्यापर्यंत जात, परत येत. त्या दोन दिवसांत ग्यानोबा गेला. या गप्प बसण्याची मी बाजू घेणार नाही.

तिसऱ्या दिवशी माणसे विहीर दगडांनी बुजवायला निघाली. अप्पा मला घेऊन विहिरीवर आडवे आले.

"पाण्यात काय न्हाई. हिच्यात हाय," ते म्हणाले. "पोरांनी एकाच सुईनं नशा केली. अन् दुपारून मी बी हिला उकळत नव्हतो. माझ्याकडं ज्यानं ज्यानं इंजेक्शन घेतलं, त्यानं लातूरला जाऊन रक्त दाखवावं."

"मग तुमचं पोरगं कसं धड हाय, अप्पा?" गर्दीतून एकाने विचारले.

मागून वीरभद्र पुढे आला. त्याने बाही वर केली. दंड टोचण्यांनी काळा पडला होता.

"पहिली सुई माझी असायची," तो म्हणाला.

रोग त्याच्याच रक्तात गुपचूप होता, हे महिन्याभराने लातूरच्या डॉक्टरांनी सांगितले. त्या दिवशी विहिरीवर मात्र सगळे गर्दीत उभ्या लक्ष्मीबाईकडे बघत होते. ती शिव्या देईल असे वाटले. तिने दिल्या नाहीत.

"लई तहान लागली होती त्याला," ती म्हणाली. "इथलं पाणी म्हणून तोंडाला लावलेला तांब्या मी काढून घेतला."

एकेकाच्या हातातला दगड खाली पडला.

मित्रांनो, संशय घ्यायचाच तर माझ्यावर घ्या. आता नव्या सुया बंद पाकिटात येतात. ते पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडायला लावा. गुंगीची सुई कुणी पुढे केली, तर हात मागे घ्या, मग तो जिवाचा मित्र का असेना. तो रुसेल. त्याला रुसू द्या. रुसलेल्या मित्राची समजूत काढायला दोघेही जिवंत असावे लागतात.