तिसरी ब चा अर्ज

“अगं तिसरी अ, माझाही अर्ज भर ना. हात बघ कसा थरथरतोय.”

मैत्रिणीने कागद बाईंपुढे सरकवला. शहराच्या शाळेत तीस वर्षं दोघींचे वर्ग शेजारी-शेजारी होते, तेव्हापासून त्या एकमेकींना वर्गाच्या नावानेच हाक मारत. अक्षर चांगलं म्हणून पेन्शन कचेरीच्या बाकावर बाईंनी सकाळपासून सात जणांचे अर्ज भरून दिले होते.

समोर नोटीस होती. पेन्शनचा फंड आटला आहे, एक एप्रिलपूर्वी निवृत्त झालेल्यांना पूर्ण पेन्शन, नंतरच्यांना निम्मी. नोटिशीशेजारी नव्या स्टेडियमचं रंगीत चित्र.

मैत्रीण मार्चअखेर निवृत्त झाली होती. बाईंचीही तारीख तीच होती, पण पोरांना भागाकार येईना, म्हणून त्यांनी महिनाभर मुदतवाढ मागून घेतली.

“पोरांना भागाकार शिकवलास, आणि शहराने तुझाच करून दाखवला!” मैत्रीण हसली.

बाईंना हसू आलं नाही. मैत्रिणीच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती. रस्त्यापलीकडच्या पाट्या ती मोठ्याने वाचत होती. बाईंचा उजवा डोळा पैशांवाचून अजून धुरकटच होता. ते वाचन त्यांना खुपत होतं, आणि खुपतंय याची लाजही वाटत होती.

रकाना आला. निवृत्तीची तारीख.

खिडकीतला कारकून वर न बघता शिक्के मारत होता. चूक झालीच, तर निस्तरायला वर्ष जाईल. राहू दे वर्षभर हिलाही निम्म्यात. कळू दे.

बाईंनी तीन काढला. पुढे एक की शून्य, मार्च की एप्रिल? पेन थांबलं.

“अडलीस काय गं?”

“काही नाही. बघून घेतेस का एकदा?”

“बघायचंय काय त्यात? तू केलेल्या निकालपत्रकांवरही मी डोळे मिटून सह्या ठोकायचे.” मैत्रीण पुन्हा पाट्या वाचू लागली.

मनातली जळजळ तसूभरही कमी झाली नव्हती. तरी बाईंनी फळ्यावर गिरवून दाखवावा तसा सावकाश एक काढला. पुढे मार्च लिहिलं आणि सहीची जागा दाखवून कागद परत दिला.

मग स्वतःचा अर्ज ओढला. डावा डोळा कागदाजवळ नेला आणि त्याच रकान्यात, तितक्याच वळणदार अक्षरात लिहिलं, ३० एप्रिल.