ठिपक्याची कोथिंबीर

कवळ्या करण्यात त्याचा हात धरेल असं आसपास कुणी नव्हतं. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे आणि तो आपल्या छोट्या कारखान्यात, मेणाच्या आणि प्लॅस्टरच्या वासात, त्यांवर दात बसवत राहायचा. केसाएवढा उंचवटा असला तरी त्याच्या अंगठ्याला कळायचा. अशा माणसाच्या घरच्या सशाचे दात वाढून त्याच्याच जिभेत रुतावेत आणि याला पत्ताही लागू नये, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं.

घरात दोघंच. तो आणि नऊ वर्षांनी मोठी ताई. ताईने जन्मभर टेलिफोनच्या कचेरीत लोकांचे फोन एकमेकांना जोडून दिले. निवृत्त झाली त्याच वर्षी वरच्या मजल्यावरचे भाडेकरू घर सोडताना दोन ससे मागेच टाकून गेले. "जीव आहेत ते, जिन्यात कसे राहतील?" म्हणत तिने ते आत आणले. काळ्या ठिपक्यांचा तो ठिपक्या आणि दुसरी भुरी. त्यांचं सगळं तीच बघायची.

ठिपक्याची हनुवटी सारखी ओली राहू लागली, तोंडातला घास खाली पडू लागला, तेव्हा दोघं त्याला टोपलीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी त्याच्या तोंडात छोटी बॅटरी मारली.

"याला खायला काय देता?"

"दुधात भिजवलेला पाव," ताई म्हणाली. "केळं. मऊ भात. एखादं बिस्किट."

"मग बरोबर. सशाचे दात मरेपर्यंत वाढत राहतात. गवत नि पाला चावून चावून ते झिजायला हवेत. याच्या दाढांना टोकं आलीत, जीभ कापली गेलीय. ससा दुखणं दाखवत नाही हो, लपवतो."

भूल देऊन दाढा घासाव्या लागल्या. परत येताना त्याने टोपली मांडीवर घट्ट धरली होती. घराचं कुलूप काढता काढता मात्र त्याच्या तोंडून निघून गेलं, "लाडाच्या नावाखाली मारत होतीस तू त्याला."

ताईने चपला काढल्या, जागेवर ठेवल्या. "बरं," ती म्हणाली. "आजपासून तुझे तू सांभाळ."

आणि खरंच तिने अंग काढून घेतलं. भांडली असती तर त्याला परवडलं असतं. ती भांडली नाही, जेवायला वाढायची, कामापुरतं बोलायची. भुरी पायाशी घुटमळली तरी खाली बघायची नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं त्याने कागदावर नीट उतरवून घेतलं होतं. सुकं गवत, खाईल तितकं. वर रोज ताजा पाला: कोथिंबीर, पुदिना, शेपू, गाजराची आणि मुळ्याची पानं. टोमॅटो-बटाट्याचा पाला चुकूनसुद्धा नाही. सुकं गवत घोड्यांच्या तबेल्यातून मिळालं. पण बाजारातल्या जुड्यांना फवारणीचा उग्र वास यायचा, तीनदा धुतल्या तरी जायचा नाही. "जमलं तर घरीच लावा," असं बाई म्हणाल्या होत्या.

त्यात काय एवढं, असं त्याला वाटलं. प्लॅस्टरच्या रिकाम्या बादल्या त्याने खरवडून, कढत पाण्याने धुतल्या. बुडाला यंत्राने सारख्या अंतरावर भोकं पाडली. माती चाळून घेतली. मग पट्टी लावून बोटभर खोल खळगे केले आणि एकेका खळग्यात एकेक धणा ठेवला. सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी. कारखान्यातून आला की आधी गॅलरीत.

मुळा चार दिवसांत वर आला. पुदिन्याच्या काडीला पानं फुटली. पण धण्यांच्या तिन्ही बादल्या पंधरा दिवस झाले तरी काळ्याच्या काळ्या. एका बादलीत उकरून पाहिलं, तर धणे ठेवले होते तसेच, फक्त फुगून बुरसटलेले.

ताई रोज कपडे वाळत घालायला गॅलरीत यायची. बादल्यांवरून एक नजर फिरवायची आणि आत जायची. त्या नजरेवरून त्याला कळून चुकलं, की हिला यातलं काहीतरी ठाऊक आहे. पण विचारायला जीभ रेटेना. असे आणखी दोन दिवस गेले.

रविवारी सकाळी ती चादर झटकत असताना तो मूठभर धणे घेऊन बादल्यांपाशी बसला होता.

"ताई, हे उगवत का नाहीत गं?"

"मला काय विचारतोस? मी मारणारी बाई."

तो मातीकडे बघत म्हणाला, "चुकलो मी. तसं बोलायला नको होतं."

ताईने चादरीची चारही टोकं ओढून सरळ केली, चिमटे लावले. मग गुडघ्यावर हात टेकत त्याच्याशेजारी बसली. त्याच्या मुठीतले धणे जमिनीवर पसरले आणि पायातली चप्पल काढून वरून हलकेच रगडले.

"एका धण्यात दोन बिया असतात, धाकट्या. आधी त्या सुट्या करायच्या, रात्रभर भिजवायच्या. आणि एवढ्या खोल? पेरायचेत ते, पुरायचे नाहीत."

"ठाऊक होतं, तर इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

तिने टरफलं फुंकून टाकली. मग म्हणाली, "मी त्याला पाव द्यायचे ते लाडाने नव्हे. मी खायचे तेच द्यायचे. तू समोर बसून कडाकडा चावत असतोस आणि मी आपली पाव भिजवत बसते. एकटीने ते खाणं जिवावर यायचं. हा येऊन बसायचा, माझ्यातलं अर्धं घ्यायचा."

तो चमकला. ताई मऊ खाते ते वयोमानाने, असं त्याने धरून ठेवलं होतं. "पण कवळी आहे ना तुला? मी केलेली."

"डबीत आहे. बाहेर जाताना घालते."

"आणि जेवताना?"

"डावीकडे टोचते रे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून." ती हसली नाही, पण आवाज मऊ झाला. "आठ दिवस खपला होतास. घालून दाखवली तेव्हा तुझा चेहरा असा फुलला होता, म्हटलं, कशाला हिरमोड करा."

कवळी करून दोन वर्षं झाली होती. दोन वर्षं रोज एका टेबलावर.

तो तिला कवळीच्या डबीसकट तसाच कारखान्यात घेऊन गेला. कवळीवर अंगठा फिरवला, तर काहीच लागेना. त्याला बोट लावायची सवय साच्यांना, आणि साचे कधी तक्रार करत नाहीत. शेवटी त्याने दिवा तिच्याकडे वळवला. "आ कर."

हिरडीवर एक लाल, सुजलेली रेघ होती. त्याने कवळीची तिथे टेकणारी कड थोडी घासली, तिला घालायला दिली. पुन्हा घासली, पुन्हा दिली. चौथ्या खेपेला ताईने जबडा इकडेतिकडे हलवून पाहिला आणि म्हणाली, "हं. आता हात लावू नकोस."

धणे नवव्या दिवशी उगवले, ओळ सोडून, वेडेवाकडे, जिथे ताईची चिमूट पडली होती तिथे. वीतभर झाल्यावर तिने पहिल्या चार काड्या खुडून ठिपक्यापुढे धरल्या. त्याने वास घेतला आणि तोंड फिरवलं. भुरीने मागून येऊन त्या ओढून नेल्या. ताईने कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी ठिपक्याने एक काडी खाल्ली, आठवड्याने मूठभर. दाढा मात्र मुळातच वाकड्या झाल्या होत्या. दर दोन-तीन महिन्यांनी घासाव्या लागणार, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. ताईने ते ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या तारखेला गोल केला.

मुळा संपून एक बादली रिकामी झाली, तेव्हा त्यात काय लावायचं यावरून दोघांची जुंपली.

"शेपू," तो म्हणाला.

"भुरी शेपूला तोंड लावत नाही."

"ठिपक्या लावतो ना!"

"तुझं आपलं ठिपक्या, ठिपक्या. ती काय पाहुणी आहे?"

तो तावातावाने काहीतरी बोलला, ताईने त्याच्यावर ताण केली. मग तिने बादलीच्या मधोमध बोटाने रेघ ओढली, एका बाजूला शेपू टाकला, दुसऱ्या बाजूला गाजराचं बी, आणि म्हणाली, "पाणी घाल. हळू घाल, बी वाहून जातं."