अँब्युलन्सच्या पुढे

नीरजाच्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदलून सव्वा वर्ष झालं होतं. कामाला हरकत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद कंपनीच्या फाइलमध्ये होता, आणि तरीही तिला कुणी बॉयलरजवळ फिरकू देत नव्हतं. कारखान्यांचे बॉयलर तपासायचे, ही तिची सव्वीस वर्षांची नोकरी. थंड केलेल्या बॉयलरच्या पोटात शिरायचं, टॉर्च मारून नळ्या बघायच्या, हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा आणि नापास असेल तर मालकाच्या तोंडावर नापास म्हणायचं. मालक कितीही मोठा असो, तेवढा वेळ तो तिच्यासमोर निमूट उभा राहायचा. आता तिला खिडकीजवळचं टेबल मिळालं होतं, आणि तिच्या जागी फिरणाऱ्या वरदच्या अहवालांतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायचं काम. वरद पोरगा वाईट नव्हता. येता-जाता "मॅडम, पाणी आणू का?" विचारायचा, आणि नेमकं तेच तिच्या डोक्यात जायचं.

तिचे साहेब शरच्चंद्र केतकर हे नारायण पेठेतले अतिशय सज्जन गृहस्थ. भांडायला समोरचा माणूस थोडा तरी वाईट असावा लागतो, आणि त्या बाबतीत केतकर अगदीच निरुपयोगी होते.

"आधी तब्येत, नीरजाबाई. त्या शिड्या, ती धूळ, कशाला आता?"

"सर, बॉयलरचा व्हॉल्व्ह बदलला की आपण बॉयलर चालू करायला सांगतो. भंगारात काढा म्हणत नाही."

"अहो, बॉयलरला घरची माणसं नसतात."

"डॉक्टरांचा कागद तुम्हाला पटत नाही. मग काय केलं म्हणजे पटेल, तेवढं सांगा."

केतकरांच्या टेबलावर त्या दिवशी एक पत्रक पडलं होतं. गरीब रुग्णांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी निधी जमवायला कंपनीने कर्मचाऱ्यांची पाच किलोमीटरची धाव ठेवली होती. विषय एकदाचा मिटावा म्हणून त्यांनी पत्रक तिच्याकडे सरकवलं आणि हसत म्हणाले, "हे पळून दाखवा. मग तुमचे बॉयलर तुम्हाला परत."

"शब्द?"

"शब्द," केतकर म्हणाले. ही बाई काही पळत नाही, याची त्यांना खात्री होती.

बाईने दोन महिने बिबवेवाडीच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. डॉक्टरांना विचारून आधी चालली, मग हळूहळू पळाली, दम लागला की थांबली आणि पुन्हा निघाली. नवऱ्याने एकदा "कशाला हे?" म्हणून पाहिलं. ती बुटांच्या नाड्या बांधत राहिली, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून तोही पिशवी घेऊन दूध आणायच्या निमित्ताने तिच्याबरोबर उतरू लागला.

धावेच्या रविवारी सकाळी सहाला शाळेच्या मैदानावर स्पीकर नुसता बोंबलत होता. वॉर्मअपच्या नावाखाली सगळं ऑफिस नाचत होतं. एचआरचा शुभंकर गर्दीतून वाट काढत तिच्याकडे आला.

"मॅडम, तुम्ही फक्त फ्लॅग ऑफ करा ना! तुमची स्टोरी एकदम पॉवरफुल आहे. सगळे इन्स्पायर होतील."

"झेंडा पाहुण्यांना दाखवू दे. मला माझा छातीवरचा नंबर दे आणि तो लावायला चार पिना."

नंबर मिळाला. त्याबरोबर आणखीही काही मिळालं, ते तिला पाचशे मीटर गेल्यावर कळलं. सगळे पुढे निघून गेले आणि मागे एक अँब्युलन्स उरली. ती खास तिच्यासाठी होती. दिवा चालू, वेग तिच्याइतकाच, आणि ड्रायव्हरशेजारी शुभंकर. रस्त्याकडेच्या चहावाल्यापासून कुत्रं फिरवणाऱ्या आजोबांपर्यंत प्रत्येक जण आधी अँब्युलन्सकडे बघायचा, मग तिच्याकडे, आणि चुकचुकायचा. नीरजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मग तिला राग आला, आणि राग पळायला बरा पडतो.

ड्रायव्हर भैरू उरुळीकडचा होता. त्याने खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "बाई, तुमच्या चालीनं घ्या. मला कुठं जायाची घाई न्हाई."

"मग जरा मागे राहा. हॉर्न तरी वाजवू नका."

"ते साहेब वाजवत्यात, मी न्हाई!"

गंगाधाम चौकातून वळून परत येताना साडेतीन किलोमीटरची पाटी लागली. पोटऱ्या भरून आल्या होत्या, घसा कोरडा पडला होता. पण छातीत दुखत नव्हतं, आणि ठोके तिने मोजून पाहिले, ते डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याच्या आत होते. तेवढ्यात शुभंकरचा फोन वाजला. बोलणं झालं आणि तो चालत्या गाडीतून जवळजवळ लोंबकळला.

"मॅडम, लोचा झालाय! चीफ गेस्टना कोथरूडला दुसरा प्रोग्रॅम आहे. बक्षीस समारंभ आत्ताच उरकतायत. प्लीज बसा, पाच मिनिटांत स्टेजपाशी सोडतो."

"मला कशाला स्टेजपाशी?"

"सरप्राइज होतं. तुम्हाला जिद्द पुरस्कार आहे."

"कशाबद्दल?"

"पाच किलोमीटर पळल्याबद्दल."

नीरजा तिथल्या तिथे थांबली. "अरे, अजून दीड राहिलाय."

"ते कोण बघतंय, मॅडम? ट्रॉफी तर गुरुवारीच बनून आलीय."

भैरूने अँब्युलन्सचं मागचं दार उघडलं. खरं सांगायचं तर तिला बसावंसं वाटलं. पाय तर हात जोडून विनवत होते. बसली असती तर टाळ्या मिळाल्या असत्या, फोटो निघाला असता आणि कुणीही काही बोललं नसतं. पण केतकर तिला अँब्युलन्समधून उतरताना बघणार होते. त्यानंतर जन्मभर खिडकीजवळचं टेबल, ऱ्हस्व-दीर्घ, आणि पाणी आणू का. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते थकव्याचं नव्हतं.

"ट्रॉफी वरदला द्या," ती म्हणाली. "बॉयलर दिलेतच, तीही देऊन टाका."

भैरूने दार लावून घेतलं आणि स्वतःशीच हसला. ती पुन्हा पळायला लागली.

ती मैदानावर पोहोचली तेव्हा शेवटच्या रेषेवरच्या फुगवलेल्या कमानीतली हवा काढणं चाललं होतं. दोन माणसं कमानीवर बसून ती दाबत होती. नीरजाने त्यांना वळसा घातला, चुन्याची रेषा ओलांडली आणि मगच थांबली. वेळ नोंदवणारे केव्हाच गेले होते. पाहुणेही गेले होते. केतकर धावतपळत पुढे आले आणि त्यांच्यामागे ओशाळलेल्या चेहऱ्याने ट्रॉफी घेऊन वरद.

"वा, नीरजाबाई! मनापासून अभिनंदन. तुमच्या वतीने वरदने स्वीकारली हो."

तिने ट्रॉफी हातात घेतली. पितळी पट्टीवर कोरलं होतं: आजारावर मात करून पाच किलोमीटर यशस्वीपणे धावल्याबद्दल. तिने श्वास जागेवर येऊ दिला. घाई नव्हती.

"सर, हे तुम्ही गुरुवारी लिहून घेतलंत. मी पोहोचले आज, आत्ता. तपासणी न करता प्रमाणपत्र दिलं, तर आपल्याकडे त्या माणसाचं काय करतात?"

केतकरांचं हसू मावळलं. असं प्रमाणपत्र देणाऱ्या एका निरीक्षकाला त्यांनी स्वतः घरी बसवलं होतं, आणि ते सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं.

"अहो, कौतुकापोटी केलं..."

"वर्षभर मला न तपासता नापास केलंत. आज न तपासता पास केलंत. एकदा तरी माझ्याकडे नीट बघा." तिने हात पुढे केला. "ठोके मोजायचेत? मोजा."

केतकरांनी हात धरला नाही. पण त्यांनी तिच्याकडे बघितलं, घामाने चिंब झालेल्या कुर्त्याकडे, ताठ उभ्या पायांकडे, आणि बराच वेळ बघितलं. मग घसा खाकरून म्हणाले, "उद्या ऑफिसात बोलू."

"उद्या मी ऑफिसात नाही. रांजणगावच्या कारखान्याने तपासणीसाठी बॉयलर शुक्रवारपासून थंड करून ठेवलाय. मी तिथे असेन." तिने ट्रॉफी त्यांच्या हातात दिली. "हे परत घ्या, आणि तुमचा शब्द पाळा."

केतकर ट्रॉफीवरची पट्टी पुन्हा वाचू लागले. वरदने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि काय ते ठरवलं.

"उद्या गाडी सकाळी साडेसहाला निघते, मॅडम. तुम्हाला बिबवेवाडीच्या चौकातून घेऊ का बरोबर?"

"तू मला बरोबर घ्यायचं नाहीस," नीरजा म्हणाली. "मी जाणार आहे. तू माझ्याबरोबर येणार आहेस."

आणि नाश्त्याचा उपमा शिल्लक आहे का, ते बघायला ती निघून गेली.